परतून येणारे दुखणे

आमच्या आत्याचे घर पाथरीला, जुन्या वस्तीत. वय ७२. दोन वर्षे होत आली, दिवाळीच्या सुमारास तिचा निरोप आला की सकाळी अंबाडा घालायला हात वर जात नाहीत. आम्ही मनावर घेतले नाही. दिवाळीत फराळाचे, साफसफाईचे काम पडते, खांदे भरून आले असतील असे वाटले. पुढच्या पंधरवड्यात मांड्या आणि खुबेही धरले. बाजेवर कूस बदलता येईना, पाटावर बसले तर उठवायला माणूस लागे. गंमत अशी की दुपारी बारानंतर ती बरीच मोकळी होई आणि भाकऱ्याही थापी. त्यामुळे घरात कोणी तिचे फारसे खरे मानले नाही. ‘वात आहे’, ‘वय झालं’ आणि ‘थंडी सरली की जाईल’ ही तीन निदाने गल्लीतच झाली.

संक्रांतीच्या आसपास कोणीतरी कागदाच्या पुडीत बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच्या पायांनी माळवदावर चढली. दीड महिना असा गेला. बरे वाटते आहे तर गोळ्या कशाला, म्हणून होळीला तिने त्या एकदम बंद केल्या. गुढीपाडव्याला गुढी बांधताना हात पुन्हा खांद्याच्या वर जाईना. या वेळी अंगात कणकण होती, अन्न जात नव्हते आणि विलक्षण थकवा होता. परभणीला नेले तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची साधी तपासणी केली, नीट प्रश्न विचारले आणि एक लांबलचक नाव सांगितले: पॉलिमायाल्जिया ऱ्ह्युमॅटिका. पुडीतल्या गोळ्या बहुधा स्टेरॉइडच्या असाव्यात असेही ते म्हणाले.

परतताना आत्याने आम्हाला विचारले, “गेलेलं दुखणं परत कसं काय आलं रे? माझंच काही चुकलं का?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले ते शिक्षकमित्रांना सांगावे असे वाटले. उत्तर काही एका ओळीत येत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८८८ साली विल्यम ब्रूस या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पाच वृद्ध रुग्णांची हकिगत छापली. ब्रूस स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथपेफर या गावी काम करत. तेथे गंधकयुक्त पाण्याचे झरे आहेत आणि दुखरे सांधे घेऊन दूरदूरची माणसे तेथे स्नानाला येत. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरला जातात तशीच. ब्रूस यांचे रुग्ण ६० ते ७४ वर्षांचे होते. सर्वांगाला, विशेषतः खांद्यांना आणि कमरेखाली, असा ताठपणा की हालचाल नको वाटावी. ब्रूस यांनी त्याला ‘म्हातारपणातला संधिवाती गाउट’ असे नाव दिले. नाव फसले, कारण गाउटशी याचा काही संबंध नाही. पण निरीक्षण अचूक होते.

पुढची साठ वर्षे या निरीक्षणाकडे जवळजवळ कोणी पाहिले नाही. मग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून एकामागून एक नावे निघू लागली. १९४५ मध्ये डेन्मार्कचे होल्स्ट आणि योहानसेन, १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या बाथचे कर्सली, १९५३ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-ले-बँ येथील फोरेस्तिए. बाथ आणि एक्स-ले-बँ ही गावेही झऱ्यांसाठीच प्रसिद्ध आहेत. यात योगायोग नसावा. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात वृद्ध रुग्ण येतो, औषध घेतो आणि जातो. झऱ्याच्या गावी तो आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असतो आणि डॉक्टरला त्याची सकाळ आणि दुपार दोन्ही पाहायला मिळतात. सकाळी लाकडासारखा ताठलेला माणूस दुपारी फिरायला निघतो, हे ज्याने रोज पाहिले त्यालाच त्यात काही वेगळे दिसणार.

फोरेस्तिए यांनी आपल्या फ्रेंच नावात ‘मूळ’ या अर्थाचा शब्द घातला, कारण दुखणे हातापायांच्या बोटांत नसून त्यांच्या मुळाशी, म्हणजे खांद्यांत आणि खुब्यांत असते. आम्हाला हे नाव सर्वांत आवडले. पण टिकले ते १९५७ साली स्टुअर्ट बार्बर यांनी बारा रुग्णांच्या वर्णनाबरोबर सुचवलेले नाव. पॉलि म्हणजे अनेक, मायो म्हणजे स्नायू, अल्जिया म्हणजे वेदना: अनेक स्नायूंची संधिवाती वेदना. हेही नाव पुढे अर्धे चुकीचेच ठरले. स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो निरोगी दिसतो. खरा दाह असतो तो खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांच्या अस्तरात आणि भोवतालच्या बर्सा नावाच्या द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्यांत. ध्वन्यातीत लहरींच्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, या पिशव्या आता फुगलेल्या दिसू शकतात. बार्बर यांच्या काळी ती सोय नव्हती.

या आजाराचा एक भाऊबंद आहे आणि तो जास्त धोकादायक आहे. १८९० साली जोनाथन हचिन्सन या लंडनच्या शल्यचिकित्सकांनी एका अतिवृद्ध गृहस्थाचे वर्णन केले. त्याच्या कानशिलांवर लाल, दुखऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यामुळे त्याला डोक्यावर टोपी घालवत नव्हती. त्या रेघा म्हणजे सुजलेल्या धमन्या. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशा धमन्यांचा तुकडा काढून दाह सिद्ध केला. हा दाह डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गेला की माणूस एका रात्रीत आंधळा होऊ शकतो. १९६० मध्ये पॉली आणि ह्यूजेस यांनी दाखवले की खांदे धरणारा आजार आणि कानशिले दुखवणारा आजार पुष्कळदा एकाच माणसात आढळतात. म्हणूनच परभणीच्या डॉक्टरांनी आत्याला विचारले होते, “केस विंचरताना टाळू दुखते का? घास चावताना जबडा भरून येतो का? नजर क्षणभर गेली होती का?” आम्हाला तेव्हा हे प्रश्न अवांतर वाटले होते. सुदैवाने तिन्हींची उत्तरे नाही अशी आली.

आता त्या रक्ततपासणीकडे येऊ. तिला ई.एस.आर. म्हणतात, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग. पावसाळ्यात गोदावरीचे गढूळ पाणी घागरीत भरून त्यात तुरटी फिरवली की गाळ भराभर खाली बसतो, हे आपण जाणतो. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे मोठे पुंजके होतात आणि मोठा पुंजका लवकर बसतो. रक्तातही असेच घडते. गोठणार नाही अशी व्यवस्था केलेले रक्त उभ्या नळीत ठेवले की तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. शरीरात दाह असेल तर यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त तयार करते. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि वेगाने बसतात. एका तासात वर किती मिलिमीटर निवळ द्रव दिसला, एवढेच मोजायचे. पोलंडच्या बिएरनाट्स्की यांनी १८९७ मध्ये ही गोष्ट नोंदवली. स्वीडनच्या फॉरेउस यांना १९१८ मध्ये वाटले की गरोदरपण ओळखायला तिचा उपयोग होईल, कारण गरोदर स्त्रीचे रक्त लवकर बसते. त्यांचेच देशबांधव वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांवर काम करताना मोजणीची पद्धत बसवली. तीच पद्धत आजही प्रमाण मानली जाते. वयाबरोबर हा आकडा वाढतो. स्थूलमानाने पुरुषासाठी वयाच्या निम्मा आणि स्त्रीसाठी वयात दहा मिळवून निम्मा इथपर्यंत चालतो. म्हणजे आत्याला ४१ चालला असता. आला ८६.

तुरटीचा प्रयोग वर्गात सहज करता येईल. मात्र मुलांना हेही सांगावे की ई.एस.आर. कोणत्याही एका रोगाचे नाव सांगत नाही. घरात धूर आहे एवढे तो सांगतो, चूल कुठे पेटली आहे ते सांगत नाही. या आजाराची खात्री देणारी एकही रक्ततपासणी आजही नाही. वय पन्नासच्या पुढे, दोन्ही खांदे धरलेले, सकाळचा ताठपणा पाऊण तासापेक्षा जास्त, दाहाची खूण वाढलेली आणि दुसरे कारण सापडत नाही, अशी बेरीज करूनच डॉक्टर निदानाला येतो.

आणि आता ती पांढरी गोळी.

मराठवाड्यातल्या शाळांत दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, कारण १९४८ साली त्या दिवशी निजामाचे सैन्य शरण आले आणि पाथरीसह सारा मुलूख मोकळा झाला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २१ सप्टेंबर १९४८ रोजी, तिकडे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये २९ वर्षांच्या एका स्त्रीला एक इंजेक्शन देण्यात आले. तिला आमवातासारखा तीव्र संधिदाह होता आणि ती जवळपास अंथरुणाला खिळली होती. डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ पासून एक कोडे छळत होते. संधिदाहाच्या रुग्णाला कावीळ झाली, किंवा स्त्री गरोदर राहिली, की सांधे काही काळ बरे होतात. शरीर स्वतःच काहीतरी औषधी द्रव्य तयार करत असावे, असे समजून त्यांनी त्याला ‘पदार्थ क्ष’ म्हटले. त्याच संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथींतून, अनेक संयुगे वेगळी केली होती. त्यातले ‘संयुग ई’ वापरून पाहावे असे दोघांनी ठरवले. मर्क कंपनीने ते मोठ्या खटपटीने थोडेसे बनवून दिले. इंजेक्शने सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्या स्त्रीचा ताठपणा उतरला आणि आठवडाभरात ती बाजारात हिंडून आली. संयुग ई म्हणजेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढी गोष्ट पाठ्यपुस्तकात येते. पुढची सहसा येत नाही. औषध थांबवल्यावर हेंच यांच्या रुग्णांचे दुखणे परतले. ते चालू ठेवले तर चेहरा गोल होई, हाडे ठिसूळ होत, मन थाऱ्यावर राहत नसे. हेंच यांनी सुरुवातीलाच बजावले होते की हे औषध रोग बरा करत नाही, फक्त दाबून ठेवते. आपण अमुक इतक्या दिवसांत चालू लागलेल्या रुग्णाचे छायाचित्र लक्षात ठेवतो आणि हे वाक्य विसरतो. १९५५ मध्ये कॉर्टिसोनपेक्षा प्रबळ अशी प्रेडनिसोनची गोळी आली आणि खांदे धरलेल्या वृद्धांसाठी तर ती वरदानच ठरली. दिवसाला १५ मिलिग्रॅम एवढ्या माफक मात्रेत महिनोन्‌महिन्यांचा ताठपणा काही दिवसांत सुटतो. ज्या रोगाला साठ वर्षे नावही नव्हते, त्याला औषध मिळाले. मग उरला प्रश्न एकच: गोळी बंद कधी आणि कशी करायची?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड निघाला. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार उपचार सुरू झाल्यापासून वर्षभरात १०० पैकी ४३ रुग्णांचे दुखणे एकदा तरी उलटले होते. एका वर्षानंतर ७७ जण, दोन वर्षांनंतर ५१ जण आणि पाच वर्षांनंतरही २५ जण स्टेरॉइड घेतच होते. ‘दोन वर्षांत हा आजार आपोआप विझतो’ असे जुनी पुस्तके सांगत आली. निम्म्यांच्या बाबतीत ते खरे आहे.

दुखणे उलटते का? याचे चांगले उत्तर १९९० नंतर मिळू लागले. आपल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी छोटी प्रथिने वापरतात. त्यातल्या इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचे जनुक जपानमध्ये ओसाका येथे हिरानो आणि किशिमोतो यांनी १९८६ मध्ये वेगळे केले. दाहाच्या जागेवरून हे प्रथिन रक्तात उतरते, यकृताला फायब्रिनोजेन बनवायला लावते, ताप आणते, भूक मारते. आत्याची कणकण, न जाणारे अन्न आणि ८६चा ई.एस.आर. या तिन्हींच्या मागे तेच असावे. १९९० मध्ये लंडनमध्ये भास्कर दासगुप्ता आणि पनायी यांनी दाखवले की या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ वाढलेले असते. (दासगुप्ता हे नाव पुढेही येईल. या आजाराचे वर्गीकरण आणि उपचार यांचे जे आंतरराष्ट्रीय संकेत २०१२ आणि २०१५ मध्ये ठरले, त्यांत त्यांचा मोठा वाटा आहे.) १९९३ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. प्रेडनिसोन दिले की इंटरल्यूकिन-६ झपाट्याने उतरते, पण कित्येक महिन्यांच्या उपचारानंतरही ते थोडे दिवस थांबवले की लगेच वर चढते. चूल विझलेली नसते, वर झाकण असते एवढेच. झाकण काढले की धूर.

म्हणजे आत्याचे चुकले ते एवढेच की ती झाकणाला विझणे समजली. पुडी देणाऱ्याने ते सांगितले नव्हते, मग तिला कळणार कसे?

एकदम बंद करण्यात आणखी एक धोका असतो आणि तो दुखणे परतण्यापेक्षा वेगळा आहे. आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे. बाहेरून गोळी येऊ लागली की मेंदू या ग्रंथींना काम थांबवायला सांगतो. काही आठवडे असे चालले की त्या सुस्तावतात. गोळी अचानक थांबली तर बाहेरचे येत नाही आणि आतले तयार नाही अशी अवस्था होते. थकवा, मळमळ, अंगदुखी, रक्तदाब उतरणे आणि क्वचित जिवावर बेतणे. आत्याच्या त्या विलक्षण थकव्यात याचा भाग किती आणि परतलेल्या रोगाचा किती, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नाही.

म्हणून गोळी उतरवायची ती पायरी-पायरीने. २०१५च्या संकेतांनुसार सुरुवात १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान करायची, चार ते आठ आठवड्यांत १० पर्यंत यायचे आणि मग दर चार आठवड्यांना एक मिलिग्रॅम कमी करायचे. गणित सोपे आहे: १० पासून शून्यापर्यंत दहा पायऱ्या, म्हणजे ४० आठवडे, आणि आधीचे मिळून साधारण वर्ष. मध्येच दुखणे उलटले तर उलटण्यापूर्वीच्या मात्रेवर परत जायचे आणि पुन्हा सावकाश उतरायचे. वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. दहावरून नऊवर येणे आणि दोनावरून एकावर येणे या पायऱ्या सारख्या आहेत का? पहिलीत दहा टक्के घट होते, दुसरीत पन्नास टक्के. शेवटच्या पायऱ्या उंचीने सारख्याच दिसतात, पण शरीराला त्या अधिक उभ्या लागतात. शिवाय ५ च्या खाली आले की ग्रंथींनी स्वतः काम सुरू करायला हवे. बऱ्याच रुग्णांची गाडी तेथे अडते.

कोणाचे उलटेल हे आधी ओळखता येते का? अभ्यास पुष्कळ झाले आणि त्यांचे एकमत कमीच आहे. काहींना स्त्रियांत धोका जास्त दिसला, काहींना सुरुवातीचा ई.एस.आर. फार वाढलेला असेल तर, काहींना हाता-पायांचे छोटे सांधेही सुजलेले असतील तर. एक निष्कर्ष मात्र व्यवहारात उपयोगी आहे. मेयो क्लिनिकच्या गटाने २००५ मध्ये आपल्या परिसरातल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुरुवातीची मात्रा जितकी मोठी आणि उतरणे जितके भराभर, तितके पुढे उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. जोरदार सुरुवात करून लवकर मोकळे व्हावे, ही स्वाभाविक वाटणारी कल्पनाच येथे नडते. २०११ मध्ये इटलीतल्या चिम्मिनो आणि सहकाऱ्यांनी ६० रुग्णांना फक्त १२.५ मिलिग्रॅमवर सुरुवात करून दिली, तर ४७ जणांना ती मात्रा पुरली. कोणाला पुरली हे रोगाच्या तीव्रतेपेक्षा शरीराच्या वजनावर अवलंबून निघाले. हलक्या वजनाच्या रुग्णाला कमी मात्रा पुरते. आमची आत्या ४२ किलोची. पुडीतली गोळी किती मिलिग्रॅमची होती, हे कोणालाच ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल, हा तर थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याला काय त्याचे? तो स्कँडिनेव्हियात आणि उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वांत जास्त आढळतो, हे खरे आहे. पण ‘आपल्याकडे नाही’ असे म्हणण्यापूर्वी मोजायला हवे. महाराष्ट्रात अशी मोजणी झाली ती पुणे जिल्ह्यात भिगवणला. भिगवण म्हटले की आपल्याला उजनीच्या जलाशयावरचे रोहित पक्षी आठवतात. संधिवाताच्या जगात त्या गावाचे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघर पाहणी सुरू केली. ही पाहणी जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या कॉपकॉर्ड या योजनेखाली होती. कार्यकर्ते घरी जात, प्रश्न विचारत, माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा दाखवायला सांगत. नंतर डॉक्टर तपासत. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडे-सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. झिजेचा संधिवात ५.८ टक्के, तर आमवातासारखा दाहक संधिवात ०.५ टक्के. ‘वात आहे’ या दोन शब्दांखाली किती निरनिराळे आजार झाकले जातात, हे या पाहणीने दाखवले.

मग अशा पाहणीत आत्याचा आजार सापडेल का? हिशेब करून पाहू. मेयो क्लिनिकच्या परिसरात, जेथे हा आजार भरपूर आहे, तेथे पन्नाशीपुढच्या दर लाख माणसांत वर्षाला सुमारे ५९ नवे रुग्ण आढळले. पन्नाशीपुढची हजार माणसे असलेले गाव धरा. तेवढ्याच दराने तेथे पावणेदोन वर्षांत एक रुग्ण निघेल. आपल्याकडे दर कमी असणार, म्हणजे आणखी क्वचित. एका गावाची एकदा केलेली पाहणी त्याला पकडेलच असे नाही. तो पकडला जाईल तो सकाळच्या ताठपणाविषयी विचारणाऱ्या डॉक्टरकडूनच, किंवा म्हातारीला अंबाडा घालता येत नाही याची नोंद घेणाऱ्या घरातल्या माणसाकडून. आम्ही तशी नोंद घेतली नाही, हे कबूल करायला हवे. प्रयोगशाळेत आम्ही प्रथिनांवरच काम करतो.

इंटरल्यूकिन-६ कळल्यावर ते थेट अडवण्याचे प्रयत्न होणारच होते. टोसिलिझुमॅब हे औषध पेशींवरची इंटरल्यूकिन-६ची जागा अडवून धरते. हे नाव वाचकांनी ऐकले असेल. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये कोविडच्या लाटेत याच इंजेक्शनासाठी माणसे शहराशहरांतून वणवण फिरत होती. फ्रान्समध्ये, स्टेरॉइड कमी केले की दुखणे उलटणाऱ्या १०१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये आले. चोवीस आठवड्यांनी दुखणे आटोक्यात आणि स्टेरॉइडही कमी, अशी स्थिती औषध मिळालेल्यांत सुमारे ६७ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ३१ टक्क्यांना साधली. त्याच जातीच्या सॅरिलुमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याची चाचणी ११८ रुग्णांवर झाली. स्टेरॉइड १४ आठवड्यांतच बंद करूनही वर्षअखेर २८ टक्के रुग्ण स्थिर राहिले. नुसत्या स्टेरॉइडवर ५२ आठवडे हळूहळू उतरवलेल्या गटात ते प्रमाण १० टक्के होते. फरक मोठा आहे. पण २८ म्हणजे शंभरातल्या ७२ जणांना तेही पुरले नाही. आणि ही इंजेक्शने फार महाग आहेत.

आत्याच्या उपचारात यातले काही नाही. तिला १५ मिलिग्रॅमवर सुरू केले, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, साखर आणि डोळे तपासून घेतले. मार्गशीर्षात सातावरून सहावर आल्यावर खांदे पुन्हा धरले. या वेळी ती घाबरली नाही. सातावर परत गेली, दीड महिना थांबली आणि मग पुन्हा सहा. पाथरीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेले आहे. त्याच्या चौकटींत ती पूर्वी फक्त दुधाचा हिशेब लिही. आता दुधाच्या आकड्याखाली गोळीचा आकडा असतो आणि ज्या सकाळी हात पुरता वर जात नाही त्या दिवशी शेजारी एक छोटी फुली. आषाढात आम्ही गेलो तेव्हा गोळीचा आकडा चार होता. महिन्याच्या पानावर दोन फुल्या होत्या. दोन्ही एकादशीच्या आदल्या दिवसांच्या, फराळासाठी भगर निवडायला ती उशिरापर्यंत जागली होती त्या.